आप्पांना ऐकायला कमी येतंय, तपासणी कुठून सुरू करू आणि मशीन कसलं घ्यावं?

मागवाल्याची लेक:

नमस्कार सगळ्यांना, आम्ही इचलकरंजीचे. आमचे आप्पा ६८ वर्षांचे आहेत, ३४ वर्षं मागावर काम केलं, आणि गेली पाच-सहा वर्षं त्यांना ऐकायला कमी येतंय. ज्यांनी मागाचं शेड आतून बघितलंय त्यांना सांगायला नको, धोट्याची खटखट अशी असते की शेजारी उभ्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, निम्मं बोलणं हाताच्या खुणांनीच चालतं. मी लहान असताना डबा द्यायला जायचे तर बाहेर आल्यावर बराच वेळ कानात सूंऽऽ आवाज राहायचा, त्यांनी तर त्यातच आयुष्य काढलंय.

आता त्रास असा आहे की हाक मारली की ओ देतात, दारावरची बेल कळते, ट्रकचा हॉर्न कळतो, पण बोललेलं कळत नाही. म्हणजे आवाज येतो पण शब्द उमजत नाही असं तेच म्हणतात. आईला वाटतं मुद्दाम करतात, "स्वतःच्या कामाचं बरोबर ऐकू येतं" असं म्हणते आणि त्यावरून घरात रोज वाजतं. मागच्या महिन्यात चुलत भावाच्या लग्नाला वऱ्हाडाची गाडी सात वाजता निघणार होती, आप्पांनी आठ ऐकलं. धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आठला दारात येऊन उभे, गाडी कधीच गेलेली. तेव्हापासून कुठल्या कार्यक्रमाला येतच नाहीत, नको म्हणतात. मला ते बघवत नाही म्हणून हे लिहायला बसले.

परवा गावात एका दुकानात फुकट कान तपासणी आहे म्हणून घेऊन गेले. रस्त्यालगतचं दुकान, शटर अर्धं उघडं, बाहेर रिक्षांचा आवाज, तसल्यात हेडफोन लावून पाच-सात मिनिटांत तपासलं आणि सांगितलं की नस कमजोर झालीय, दोन्ही कानांना १६ चॅनलचं मशीन लागेल, जोडीला एक लाख साठ हजार, आजच बुक केलं तर डिस्काउंट. कागद मागितला तर मशीन घेतल्यावर देतो म्हणाले. मी उठून आले. दुसरीकडे भाऊ म्हणतो ऑनलाईन दीड-दोन हजाराला मिळतं ते मागवू, चाललं तर चाललं. आता मला कळेना की डॉक्टरकडे आधी जायचं की मशीनवाल्याकडे, तपासणी खरी कशी असते, आणि एक कान की दोन? बजेट खेचून ताणून पन्नास-साठ हजारापर्यंत जाऊ शकते. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

कानाची मॅडम:

ताई, उठून आलात ते फार चांगलं केलंत. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी आहे, १४ वर्षं हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. ते दुर्बिणीतून कान बघतील, मळ असेल तर काढतील, पडद्याला भोक आहे का, आत पाणी आहे का ते बघतील. मळ गच्च असताना केलेली तपासणी चुकीची येते, आणि नुसता मळ काढून ऐकू यायला लागलेले पेशंट मी दर महिन्याला बघते. तोपर्यंत घरी कानात तेल, लसणाचं तेल, काडी, पिन काही घालू नका, पडदा फाटलेला असेल तर आत पू होतो.

मग ऑडिओमेट्री. ही बंद, आवाज न येणाऱ्या खोलीत व्हायला पाहिजे, दुकानाच्या काउंटरवर नाही. बाहेर रिक्षा चालू असताना माणसाला बारीक आवाज ऐकूच येणार नाही, मग कान आहे त्यापेक्षा खराब दिसणार, आणि मशीन त्याहून जोरात लावलं जाणार. हेडफोन लावून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप) आवाज देतात, प्रत्येक आवाज कमीत कमी किती जोराचा असला की ऐकू येतो ते कागदावर मांडतात. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. मग कानामागच्या हाडावर एक छोटी डबी ठेवून तेच परत करतात, ही पायरी गाळली तर तपासणी अर्धीच समजा. हेडफोनचा आणि हाडावरचा आलेख एकत्र गेला तर दोष आतल्या नसेकडचा. हाडावर चांगलं ऐकू येतंय आणि हेडफोनमध्ये येत नाही, असं अंतर पडलं तर अडचण पडद्यात किंवा मधल्या कानातल्या बारीक हाडांत, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध किंवा ऑपरेशन असतं. मशीन विकणाऱ्याने हे बघितलंच नाही तर बरा होणारा कान मशीनवर जातो.

आणि तुमच्या आप्पांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची ती शब्दांची तपासणी. मराठीतले शब्द ऐकवून परत म्हणायला सांगतात, शंभरातले किती बरोबर आले ते टक्क्यात लिहितात. ते सात-आठचं तुम्ही लिहिलंत ना, ते वाचूनच मला आलेख डोळ्यांसमोर आला. मागाच्या आवाजाने कान जातो तो आधी उंच पट्टीत जातो, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात म्हणून हाक कळते. स, श, च, त, थ, फ हे बारीक आवाज वरच्या पट्टीत. सातमधला स गेला की मागे राहतं आत, आणि माणूस अंदाजाने आठ धरतो. स्वतःच्या कामाचं ऐकू येतं असं आईंना वाटतं त्याचं कारणही तेच, ओळखीचा विषय असला की गाळलेल्या जागा डोक्यातून भरल्या जातात, नवीन काही असलं की जमत नाही. कृपया हे आईंना समजावून सांगा, ते मुद्दाम करत नाहीत.

ऑनलाईनचं दोन हजाराचं घेऊ नका. ते सगळेच आवाज सरसकट वाढवतं, आप्पांना खालच्या पट्टीचं वाढवायची गरजच नाही, भांडं पडलं तरी दचकतील आणि तिसऱ्या दिवशी काढून ठेवतील. वर आधीच दुखावलेल्या कानावर नको तेवढा जोर पडतो.

तपासणी करणाऱ्याची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात गैर काही नाही. आणि रिपोर्ट तुमचा आहे, पैसे भरून हातात घ्या, मशीन घ्या नाहीतर नका घेऊ.

मिरजेची मावशी:

अगं बाळ, मी शाळेत शिक्षिका होते, आता ७३ पूर्ण, सात वर्षं दोन्ही कानांना मशीन लावतेय. मॅडमनी डॉक्टरकीचं सांगितलं, मी लावणाऱ्याचं सांगते.

पहिलं मशीन मी अशाच एका दुकानातून घेतलं होतं, कानात अगदी आत बसणारं, दिसत नाही म्हणून. मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं ना. ते इतकं बारीक की त्याचा सेल बदलताना बोटातून निसटून पलंगाखाली जायचा, आणि माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. दुकानदार म्हणाला होईल सवय. आठ महिने ते कपाटात पडून होतं. मग दुसऱ्या एका बाईंकडे गेले, त्यांनी माझा कागद बघून सांगितलं की तुमची खालची पट्टी चांगली आहे, कान बुजवायचाच नाही. त्यांनी कानामागे बसणारं, बारीक वायर आणि पुढे भोकं असलेली मऊ टोपी असं दिलं. पहिल्या दिवशी घरी आले आणि चालताना चपलेचा आवाज यायला लागला, मी मागे वळून बघितलं कोण येतंय म्हणून. फ्रीज गुणगुणतो हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी डोकं इतकं दुखलं की काढून ठेवलं.

तर आप्पांना आधीच सांगून ठेव की पहिले पंधरा दिवस त्रास होणारच. कान गेला पाच-सहा वर्षांपूर्वी, डोक्याला शांततेची सवय लागलीय, एकदम सगळा गोंगाट आत येतो. माझं असं केलं होतं की पहिल्या आठवड्यात घरातच, दिवसाला दोन तास, एकाच माणसाशी समोर बसून बोलायचं. मग टीव्हीच्या बातम्या. मग भाजीबाजार. लग्नकार्य सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी मशीन घालून मांडवात नेलंस तर ते परत कधी हात लावणार नाहीत.

तीन-चार वेळा सेटिंग करायला जावं लागलं मला. काय खुपतंय ते वहीत लिहून न्यायचे, "ताटावर वाटी आपटली की कानात टोचतं", "नातीचं कळत नाही, मुलाचं कळतं". असं नेमकं सांगितलं की त्या बाई कॉम्प्युटर जोडून तेवढंच बदलायच्या. नुसतं बरं वाटत नाही म्हटलं की त्यांना तरी काय कळणार. म्हणून बाळ, मशीन अशा ठिकाणी घे जिथे परत परत जाता येईल, घराजवळ. मुंबईहून स्वस्त मिळतं म्हणून घेशील आणि सेटिंगला कोण जाणार?

सेलचं पण सांगते. त्याला मागे रंगीत स्टिकर असतं, ते काढलं की हवा लागून सेल चालू होतो, काढल्यावर एक मिनिट तसाच ठेवून मग बसवायचा. परत स्टिकर चिकटवलं तरी तो संपतच राहतो. माझा ३१२ नंबर, तपकिरी स्टिकरचा, आठवडाभर जातो. आप्पांच्या बोटांना मागावरच्या कामाने घट्टे असतील, बारीक सेल धरता येत नसेल तर चार्जिंगचं बघ, किंवा १३ नंबरचा, केशरी, तो जरा मोठा आणि जास्त दिवस जातो. पावसाळ्यात रात्री मशीन सुकवणीच्या डबीत ठेवायचं, त्यात ओल शोषणाऱ्या गोळ्या असतात. माझं पहिल्या पावसाळ्यात घामाने आणि ओलीने बंद पडलं होतं.

आणि हो, घरच्यांनी पण बदलायला लागतं. स्वयंपाकघरातून ओरडू नका. समोर या, तोंड दिसू दे, मग बोला, सावकाश. ओरडलं की शब्द आणखी फाटतो.

भिवंडीचा दादा:

इथे एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहितो, ताईंच्या आप्पांचं वेगळं आहे पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमचा मेव्हणा, वय ४४, सकाळी उठला तर एका कानाने काहीच ऐकू येईना, कान गच्च भरल्यासारखा. सर्दी असेल, मळ असेल म्हणून आम्ही थेंब घालत बसलो, जवळच्या दवाखान्यात पण थेंबच दिले, वीस दिवस गेले त्यात. मोठ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले हे पहिल्या दोन-तीन दिवसात यायला हवं होतं, स्टेरॉईड लगेच सुरू केलं तर कान परत यायची शक्यता असते. आता त्याचा तो कान गेलाच. तर एकदम एका कानाचं गेलं तर त्याच दिवशी ईएनटीला गाठा, वाट बघू नका. आणि एकाच कानाचं हळूहळू कमी होत असेल तरी डॉक्टर एमआरआय सांगतात, नसेवर गाठ नाही ना हे बघायला, तो खर्च वाचवू नका.

ताई, आप्पांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कधी कापला जायचा का? आवाजाने येणारा बहिरेपणा ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणारा आजार म्हणून लिहिलेला आहे. मागावर बहुतेकांची नोंदच नसते ते मला माहीत आहे, आमच्याकडे पण तेच. पण जुना नंबर असेल तर विचारून बघा.

मागवाल्याची लेक:

सगळ्यांचे खूप आभार, मावशी तुमचं तर आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण संध्याकाळी आप्पांच्या समोर बसून बोलत होती. ईएसआयचा नंबर नाही दादा, मजुरी पिसावर, म्हणजे जेवढं कापड तेवढे पैसे अशी होती, कुठे कागदच नाही.

कोल्हापूरला जाऊन आलो. आधी ईएनटी डॉक्टरांनी उजव्या कानातून मळाचा एवढा खडा काढला, मग बंद खोलीत पाऊण तास तपासणी झाली. आप्पा आत बसले होते, मला काचेतून दिसत होते, हातात बटण, आणि डोळे मिटून इतकं लक्ष देऊन ऐकत होते की मला भरून आलं. रिपोर्ट लिहिते, बघून सांगा.

उजवा: २५० ला २५, ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ७५, ८००० ला ७०. डावा: २५, ३५, ४५, ६०, ८०, ७०. हाडावरचं जवळपास तेवढंच. शब्द उजवा ७६ टक्के, डावा ७२. पडद्याची तपासणी दोन्ही कान ए टाईप लिहिलंय. दुकानवाल्याने मला तोंडी सांगितलं होतं की ७० टक्के कान गेलाय.

कानाची मॅडम:

टक्के विसरा ताई, रिपोर्टमधले हे आकडे डेसिबलचे, म्हणजे आवाजाच्या जोराचे आहेत, डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत, अशी भीती घालून मशीन विकली जातात. तुमच्या रिपोर्टमधले ५००, १००० आणि २००० हे तीन आकडे धरले तर सरासरी उजव्याची साधारण ४२, डाव्याची ४७. म्हणजे मध्यम. ए टाईप म्हणजे पडद्यामागे हवेचा दाब ठीक आहे, पाणी नाही. नसेचा दोष आहे, दोन्हीकडे जवळपास सारखा आहे, ४००० ला सगळ्यात खोल जाऊन ८००० ला जरासा वर येतोय. मागाच्या, कारखान्याच्या आवाजाचा असाच खड्डा पडतो, वयाचा भाग त्यात मिसळलाय. ऑपरेशनने किंवा गोळ्यांनी भरून येणारा हा प्रकार नाही, त्यामुळे कुणी नस मजबूत करायची औषधं दिली तर पैसे घालवू नका.

चांगली गोष्ट शब्दांचे टक्के. ७६ आणि ७२ म्हणजे आवाज नीट पोचवला तर शब्द पकडण्याची ताकद आत शिल्लक आहे. हाच आकडा ३०-४० असता तर मी म्हटलं असतं की महागातलं मशीन घेऊनही फार आशा ठेवू नका.

दोन कान. एका कानात लावलं तर आवाज कुठून आला ते कळत नाही आणि चार माणसांत बोलणं वेगळं काढता येत नाही. मावशींनी सांगितलं तोच प्रकार, कानामागचं, पुढे उघडी टोपी, कान बुजवायचा नाही. चॅनल म्हणजे मशीन आवाजाचे जितके भाग करून वेगवेगळे सेट करतं ते, त्या आकड्याला भुलू नका, ८ आणि १६ मध्ये आप्पांना जाणवेल असा फरक क्वचित असतो, नीट सेट केलेलं साधं मशीन घाईत लावलेल्या महागापेक्षा चांगलं चालतं. तुमच्या बजेटमध्ये जोडी बसते, मोठ्या कंपन्यांचे सुरुवातीचे डिजिटल मॉडेल वीस-तीस हजाराला एक असे मिळतात. ट्रायल मागा. दुकानाच्या शांततेतली पाच मिनिटांची ट्रायल नको, घरी न्यायला द्या म्हणा, डिपॉझिट घेऊन बरेच जण देतात. आणि सेट करताना कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्यापाशी खरंच किती पोचतोय ते मोजतात का विचारा. सगळीकडे ती सोय नसते, जिथे असेल तिथे प्राधान्य द्या.

पंचगंगा:

सरकारी मदतीचं थोडं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळणार नाही, २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या वर लागतं. पण वय ६५ च्या वर आहे, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये खात्यावर येतात, उत्पन्नाची अट आहे, समाजकल्याणच्या ऑफिसला चौकशी करा. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री पण आहे, त्यात कॅम्प लावून मशीन देतात, तिथेही उत्पन्नाची अट. ज्यांचं नुकसान जास्त आहे आणि प्रमाणपत्र निघतं त्यांना एडिप, म्हणजे अपंगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून मशीन मिळतं, मुंबईकडच्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जावं, तपासणीपासून सगळं तिथे होतं, माझ्या पुतणीचं तिथेच झालं.

मागवाल्याची लेक:

उशिरा लिहितेय, माफ करा. जोडी घेतली, कानामागची, सेलवाली १३ नंबरची, ४६ हजाराला दोन, दहा दिवस घरी ट्रायल देऊन मग. पहिले चार दिवस आप्पा चिडचिड करत होते, पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखा बंद करायचे. मावशींचं ऐकून वही केली, आप्पा सांगतील ते मी लिहायचे. दुसऱ्यांदा सेटिंग केल्यावर पंख्याचं थांबलं.

काल सकाळी आई पाठमोरी भाकरी थापत होती आणि तशीच म्हणाली, साडेसातला पाणी येणार आहे. आप्पा उठले आणि नळाखाली बादली लावून आले. आईने मागे वळून बघितलं, पीठ लागलेला हात तसाच. दोघंही काही बोलले नाहीत.

आता एकच विचारायचं आहे मॅडम. आप्पा संध्याकाळी जुन्या शेडवर चहाला जाऊन बसतात, माझा धाकटा भाऊ तिथेच मागावर आहे. तिथे मशीन घालू द्यायचं का?

कानाची मॅडम:

वाचून फार बरं वाटलं ताई. शेडमध्ये मशीन घालू नका, आत शिरायच्या आधी काढून डबीत, आणि कानात फोमचे बोळे, दाबून गुंडाळून आत सोडायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचं. नुसता कापूस घालून काही उपयोग नाही. चहा शेडच्या बाहेर घेतला तर उत्तम, मग मशीन घालून गप्पा मारता येतील.

भावाचं वय काय? त्याचीही ऑडिओमेट्री करून घ्या. सुट्टीच्या दिवशी, शेवटच्या पाळीला किमान १६ तास झाल्यावर, नाहीतर मागाच्या आवाजाने तात्पुरता बधिर झालेला कान मोजला जातो. आणि त्याला बोळे आजपासून.

मागवाल्याची लेक:

३१. लग्न ठरलंय त्याचं. बोलते त्याच्याशी आज रात्री. तो म्हणेल मला काही होत नाही, पण गेल्या वर्षापासून टीव्हीचा आवाज तोही वाढवतो हे माझ्या आत्ता लक्षात आलं. येत्या सुट्टीला त्याच डॉक्टरांकडे नंबर लावते, आप्पांनाच बरोबर पाठवते.